पहिल्या पिढीतील मुलामुलींना संशोधनाकडे वळवायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

कवठेमहांकाळ_रसायन यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले-मुली म्हणजे त्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी. कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कोणाचे मेंढरे घेऊन वर्षातील काही महिने घराबाहेर असतात, कोणाची आई बेदाण्याच्या शेडवर निवडणीच्या कामाला जाते. बुद्धीने ही मुले कोठेही कमी नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तरीही तिसरे वर्ष संपले की मुलगे पोलीस भरतीच्या मैदानावर किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिसतात, मुलींपैकी काही बी.एड.ला जातात आणि बाकीच्यांची लग्ने ठरतात. एम.एस्सी.ला जाणारे मोजकेच असतात, आणि त्यांतून संशोधनापर्यंत पोचणारा एखादाच.

हा प्रश्न आता विचारण्याचे कारण म्हणजे यंदा तृतीय वर्षात असलेली एक विद्यार्थिनी. तिची आई शेडवर काम करते. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या द्रावणातून काढून रॅकवर टाकली की साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो आणि तशीच टाकली तर कितीतरी जास्त दिवस लागतात, असे का होते, हे तिने प्रात्यक्षिकाच्या तासाला विचारले. सालीवरच्या मेणाच्या थरावर डिपिंग ऑइलमधील इथाइल ओलिएट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचा परिणाम होऊन आतल्या पाण्याला वाट मिळते, एवढे मी सांगितले आणि पुढचे तिलाच शोधायला लावले. तिने एकाच घडातील मणी वेगवेगळ्या प्रमाणाच्या द्रावणांत बुडवले, रोज सकाळी प्रयोगशाळेच्या तराजूवर त्यांचे वजन घेतले, आलेख काढला आणि वजन सुरुवातीला झपाट्याने उतरून पुढे उतार मंद का होतो, हा दुसरा प्रश्न घेऊन ती परत आली. त्या वहीतील आकड्यांचे रकाने पाहताना ही मुलगी संशोधन करू शकेल याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. तिने मला सरळ विचारले, "मॅडम, असलं काम करायचा पगार मिळतो का?"

मिळतो, असे मी सांगितले. पण तो कोणत्या वाटेने, कधीपासून आणि किती मिळतो, हे तिच्या आईला पटेल अशा शब्दांत मला सांगता यायला हवे. जे स्वतः या वाटेने गेले आहेत किंवा ज्यांनी विद्यार्थी पाठवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नुसत्या प्रेरणादायी व्याख्यानांचा उपयोग मी पाहिला आहे. टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा भरतीच्या अभ्यासाला बसतात.

माणगंगा यांचे उत्तर

मॅडम, मी दहिवडीकडची. सध्या पुण्यातील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीएच.डी. करते आहे. माझ्या घरातही माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेले नव्हते, म्हणून हे उत्तर जरा लांब होईल.

पगाराचा प्रश्न सर्वांत रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे. सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) किंवा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएच.डी. करतानाचे विद्यावेतन, मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर सीनिअर फेलो झाल्यावर 42,000 रुपये मिळतात. हे दर 1 जानेवारी 2023 पासून लागू आहेत. हॉस्टेल नसेल, तर नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. माझ्या वडिलांना "शिष्यवृत्ती" म्हटल्यावर वर्षाकाठी कधीतरी खात्यावर येणारी हजार-दोन हजारांची रक्कम डोळ्यांसमोर येत होती. महिन्याचा आकडा कागदावर लिहून दाखवला, तेव्हा कोठे बोलणे पुढे सरकले.

नेटच्या आधीचा टप्पा, म्हणजे एम.एस्सी.चा प्रवेश, मात्र आमच्या भागात फार उशिरा कळतो. तृतीय वर्षात असतानाच जॅम ही परीक्षा देता येते. तिचे फॉर्म साधारण सप्टेंबरपासून भरले जातात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिच्या गुणांवर आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएच.डी.चाही मार्ग आहे, म्हणजे बी.एस्सी.नंतर थेट संशोधनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना जॅमच्या शुल्कात सवलत असते. आमच्या वर्गात जॅम हे नाव परीक्षा होऊन गेल्यावर कानावर आले होते, आणि माझ्याहून हुशार असलेल्या दोन मैत्रिणी केवळ त्या कारणाने मागे राहिल्या, याचे मला आजही वाईट वाटते. त्यामुळे सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की द्वितीय वर्षाच्या वर्गात भिंतीवर तारखांचे एक वेळापत्रक लावावे. कोणती परीक्षा, फॉर्म कधी निघतो, कोणती कागदपत्रे लागतात, एवढेच त्यात असावे.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्यात विद्यार्थ्याला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते आणि विद्यावेतनही मिळते. अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशी भरायचे असतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एन.आय.यू.एस. हा उपक्रम तर खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यात रसायनशास्त्रही येते. अशा ठिकाणी दोन आठवडे राहिले, तरी संशोधन करणारी माणसे आपल्यासारखीच असतात, त्यांचेही प्रयोग फसतात आणि त्यांनाही पुस्तक उघडून पाहावे लागते, हे कळते. माझ्या मनातील भीती तेथेच गेली.

या अर्जांना शिक्षकांचे शिफारसपत्र लागते, आणि मॅडम, हे तुमच्या हातातील सर्वांत मोठे साधन आहे. आमच्याकडे बहुधा "विद्यार्थिनी हुशार, होतकरू व चांगल्या वर्तणुकीची आहे" असे पत्र मिळते आणि निवड करणाऱ्याला त्यातून काहीच समजत नाही. तुम्ही वर बेदाण्याच्या प्रयोगाविषयी जे लिहिले आहे, तिने काय विचारले, वजने कशी घेतली, दुसरा प्रश्न कोणता आणला, ते सगळे तसेच पत्रात लिहा. मोठ्या शहरातील महाविद्यालयांचे शिक्षक असेच लिहितात.

इंग्रजीविषयी एकच सांगते. बोलण्याचे इंग्रजी पुढे येते. वाचण्याचे आत्तापासून यावे लागते. आठवड्याला एक शोधनिबंध घ्यावा, त्यातील फक्त प्रस्तावना आणि आकृत्या शिक्षकांसोबत बसून वाचाव्यात आणि त्यावर चर्चा मराठीत करावी. विषय डोक्यात मराठीत पक्का बसला की शब्दांची अडचण राहत नाही.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

वरील उत्तरातील प्रत्येक गोष्ट खरी आहे, तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी वाळवा तालुक्यातील आहे. पीएच.डी. पूर्ण करून आज तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. माझ्याबरोबर पीएच.डी. झालेले अनेक जण याच स्थितीत आहेत. कायम प्राध्यापकाच्या जागा मोजक्या निघतात आणि तासिकेचे मानधन महिन्याच्या महिन्याला हाती पडेलच असे नसते. ज्या घरात मुलीच्या किंवा मुलाच्या कमाईची वाट पाहिली जात आहे, त्या घराला हे आधी सांगितले पाहिजे. सांगूनही ते विद्यार्थी जाणार असतील, तर ते पूर्ण विचाराने जातील आणि टिकतील.

माझा आग्रह असा आहे की फेलोशिप हातात नसताना पीएच.डी.ची नोंदणी करू नये. आमच्या भागातील बहुतेक विद्यार्थी येथेच अडकतात. "आधी नोंदणी करून टाकू, मग पाहू" म्हणून गाइड शोधतात, नोकरी सांभाळून सहा-सात वर्षे काढतात आणि प्रबंध पूर्ण होईपर्यंत वयही जाते व उमेदही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थीच असू शकतात. जागा मुळात एवढ्याच असल्यामुळे मिळेल त्या गाइडकडे मिळेल तो विषय घेतला जातो. फेलोशिप घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य असते, आणि हा फरक पुढे सगळ्या कामात दिसतो.

दुसरे म्हणजे संशोधन म्हणजे प्राध्यापकी, हे समीकरण मुलांच्या मनातून काढावे लागेल. रसायनशास्त्रातील एम.एस्सी. किंवा पीएच.डी. झालेल्याला औषधनिर्मिती, कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांत काम असते. आपली द्राक्षे युरोपात जातात ती अवशेष तपासणी झाल्यावरच. तो अहवाल कोणीतरी प्रशिक्षित रसायनतज्ज्ञच तयार करतो. विद्यार्थिनीच्या आईला प्राध्यापकीपेक्षा हे उदाहरण लवकर समजेल, कारण तिच्या शेजारच्या बागेतील माल त्याच कागदावर अवलंबून असतो.

यवतेश्वर यांचे उत्तर

मी साताऱ्यात अनेक वर्षे शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. कृष्णाकाठ यांचे म्हणणे कठोर वाटले, तरी विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे. फक्त त्यात एक भर घालतो. फेलोशिप मंजूर होणे आणि ती खात्यावर जमा होणे यांत बराच काळ जातो, आणि गरीब घरचे मूल बहुतेक वेळा त्या मधल्या काळातच परत येते. हॉस्टेलचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, प्रवेश शुल्क, जमल्यास जुना लॅपटॉप, हा सगळा खर्च पहिल्याच महिन्यात समोर उभा राहतो.

ही अडचण आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्यातील शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी प्रवेश घेतला, तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. परंतु त्यांच्या पुढील शिक्षणातील एक प्रसंग मुलांना क्वचितच सांगितला जातो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पुढे त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही पैशाअभावी तीन वर्षे थांबावे लागले होते, आणि मदतीला धावणारी माणसे भेटली म्हणून काम पुरे झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, त्यामागेही हाच विचार होता. मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय झाली तरच शाळेचा उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. "कमवा व शिका" ही योजना त्यातूनच उभी राहिली.

म्हणून मॅडम, आपल्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना एकत्र करून एक छोटा फिरता निधी उभारावा, असे मी सुचवतो. आमच्या परिचयातील काही शिक्षकांनी असे केले आहे. प्रवेश मिळालेल्या मुलाला सुरुवातीच्या काही महिन्यांचा खर्च बिनव्याजी द्यायचा आणि फेलोशिप सुरू झाल्यावर त्याने तो हप्त्याने परत करायचा. देणगी म्हटले की घरच्यांना संकोच वाटतो. परतफेडीची रक्कम ते मानाने स्वीकारतात.

आता कागदपत्रांविषयी, कारण येथे होणारे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. आपल्या भागात धनगर, वडार, रामोशी समाजांची मुले मोठ्या संख्येने आहेत. राज्यात त्यांची नोंद भटक्या जमाती किंवा विमुक्त जातीत होते, परंतु केंद्राच्या परीक्षांत हे प्रवर्ग नसतात. केंद्राच्या यादीत धनगर समाज इतर मागासवर्गात आहे. इतरांनीही तीच यादी पाहून घ्यावी. केंद्राच्या फॉर्मसाठी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची तारीख त्या आर्थिक वर्षातील असावी लागते. मुले राज्याचे भज-क (भटक्या जमाती-क) चे प्रमाणपत्र जोडतात किंवा घाबरून खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरतात. दोन्ही प्रकारे हक्काची सवलत जाते. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो, तोही आधीच शोधून ठेवावा. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा मेंढरांमागे फिरत होते आणि शाळेत गेलेच नव्हते, त्यांना शाळेच्या दाखल्याऐवजी नातेवाइकांच्या नोंदी आणि महसुली कागद शोधावे लागतात, आणि त्याला महिनेच्या महिने जातात. प्रथम वर्षातच या कामाला लागावे.

पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेतच. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांसाठी महाज्योती. यांच्या जाहिराती येतात तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून नोंदणीचे पत्र व दाखले हाताशी हवेत.

कवठेमहांकाळ_रसायन

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. तारखांचे वेळापत्रक या आठवड्यात लावते आहे आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यासाठी तहसील कार्यालयात काय लागते, हे आमच्या कार्यालयातील लिपिकांकडून लिहून घेतले आहे. फिरत्या निधीची कल्पना प्राचार्यांना आवडली.

विद्यार्थिनीच्या घरीही जाऊन आले. आई तयार आहे. "शेडवर उभं राहून माझे पाय गेले, तिचे जाऊ नयेत," एवढेच त्या म्हणाल्या. मोठ्या भावाची शंका मात्र शिल्लक आहे. पुण्या-मुंबईला एवढी वर्षे गेल्यावर बहिणीचे लग्नाचे वय निघून जाईल आणि ती मध्येच सोडून आली तर हाती काय राहील, असे तो विचारतो. तो वाईट मुलगा नाही; वडिलांच्या पश्चात घर त्यानेच सांभाळले आहे. त्याला काय सांगावे?

माणगंगा

मॅडम, भावाला सगळे एकदम मान्य करायला लावू नका. मला वाटते, निर्णय टप्प्याटप्प्याने घेता येतो, हे त्याला दाखवावे. आत्ता फक्त जॅमचा फॉर्म आणि उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरायचा आहे, त्यात घर सोडण्याचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर एम.एस्सी.ची दोन वर्षे, आणि एम.एस्सी. झालेल्या मुलीला कृष्णाकाठ सरांनी सांगितलेल्या तपासणी प्रयोगशाळांत नोकरी मिळू शकते, म्हणजे पुढे नाही गेली तरी हाती पदवी आणि कमाईचे साधन राहते. एकात्मिक पीएच.डी.ला गेली आणि मध्येच थांबावे लागले, तर एम.एस्सी. किंवा तिच्या तोडीची पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय बऱ्याच संस्थांत असते; प्रवेश घेताना त्या संस्थेचा नियम विचारून घ्यावा.

लग्नाविषयी त्याच्याशी मोकळेपणाने बोला, टाळू नका. 2022 च्या नियमांत महिलांना पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी 2 वर्षे अधिक दिली आहेत आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. आमच्या प्रयोगशाळेत लग्न झालेल्या, लेकरू घरी आजीकडे ठेवून काम करणाऱ्या मुली आहेत. त्यांना ते सोपे जाते असे मी म्हणणार नाही, पण त्यांचे काम थांबलेले नाही.

आणखी एक करता येईल. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातील बऱ्याच संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. त्या दिवशी तिला भावासोबतच पाठवा. आमची प्रयोगशाळा, हॉस्टेल आणि मेस मी त्या दोघांना दाखवीन. रात्री मुलींच्या हॉस्टेलचे दार किती वाजता बंद होते, तेथे कोण असते, हे त्याला वॉर्डन बाईंनाच विचारू द्या. स्वारगेटला उतरल्यावर कोठे यायचे, ते मी आधी कळवीन. जॅमचा निकाल बहुधा मार्चमध्ये लागतो आणि प्रवेशाचे अर्ज त्यानंतर भरायचे असतात, म्हणजे घरात विचार करायला त्यांना पुरेसा वेळ मिळेल.